कारंज्यापाशी शून्य झेंड्या

मी एका बागेची प्रतिकृती बोलतेय. खरी बाग चार एकरांची आहे आणि मी चार फूट बाय तीन फूट. कागदोपत्री मला प्रतिकृती म्हणतात, येणारे-जाणारे मॉडेल म्हणतात, आणि हॉल झाडणाऱ्या मावशी मला 'ती खोटी बाग' म्हणतात. मावशींचं म्हणणं मी हल्ली मनावर घेते.

मला एक कबुली द्यायची आहे. ती एकदम तोंडातून निघत नाही. म्हणून जन्मापासून सांगते, म्हणजे बोलता बोलता धीर येईल.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. मला घडवणारा कारागीर एकटाच काम करायचा. चष्मा कपाळावर चढवून तो दिवसातून चार वेळा चष्मा शोधायचा आणि सापडला की स्वतःलाच शिव्या घालायचा. एरवी तो बिल्डरांसाठी इमारती करायचा. बागेचं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती. तीन दिवस सकाळी तो स्वतः बागेत गेला, पावलं मोजून आला, सिगारेटच्या पाकिटावर आकडे लिहून आणले.

भांडी घासायच्या स्पंजचे तुकडे कुरतडून, हिरव्या रंगात बुडवून त्याने माझी झाडं केली. लाकडाचा भुसा रंगवून गवत पसरलं. घसरगुंडी डब्याच्या पत्र्याची. कोपऱ्यातल्या कारंज्यावर मात्र त्याने खास जीव ओतला. खरं कारंजं कित्येक वर्षांपासून कोरडं. आत पाणी नाही, चार सुकी पानं. पण त्याच्याभोवती कमरेएवढा लोखंडी कठडा होता, अगदी गोल. त्या गोलाईसाठी कारागिराने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला तार गुंडाळली, आणि ती सोडवताना वाकडी झाली म्हणून पुन्हा गुंडाळली. पाचव्या वेळी जमली तेव्हा तो मला म्हणाला, "आता हलू नकोस हं, बाई."

माझं अंग थर्माकोलचं. वरून पातळ पुठ्ठा, त्यावर गवत. न्यायला टेम्पो यायच्या दिवशी थर्माकोलचा एक कोपरा त्याच्याच कोपराखाली मोडला, नेमका कारंज्याचा. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता. नवा थर्माकोल आणायला वेळ नव्हता. खोलीत कुणाच्या तरी कपाटातून उरलेला प्लायवुडचा तुकडा पडलेला होता. कारागिराने तो कापला, त्या जागी बसवला, वर पुठ्ठा चिकटवला, भुसा पसरला आणि कारंजं ठेवलं.

"रंग चढला की सगळं सारखं," तो म्हणाला. खरंच सारखं दिसलं. सगळं अंग मऊ आणि एकच कोपरा टणक, हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं.

यात त्याची चूक नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मी बघायची वस्तू होते. मला कुणी टोचणार आहे हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

टोचायची कल्पना बाग खात्याच्या बाईंची. बाई वाईट नव्हत्या. उलट त्यांच्याइतकं मनापासून काम करणारं माणूस मी त्या कचेरीत दुसरं पाहिलं नाही. बागेबाहेरच्या रस्त्यावर गाड्यांची इतकी गर्दी व्हायची की रुग्णवाहिका अडकायच्या. त्यामुळे बागेतला एक तुकडा पार्किंगला द्यायचा, असं वरून ठरून आलं होतं. तो कुठला, एवढंच बाईंच्या हातात होतं. त्यांनी ठरवलं की लोकांनाच विचारायचं. जी जागा सर्वांत कमी लोकांना लागते, ती द्यायची.

"सभा घेतली की तेच तीन जण माईक धरून बसतात," बाई कारकुनांना म्हणाल्या. "जे बोलत नाहीत त्यांचंही मत आलं पाहिजे."

म्हणून झेंड्या आल्या. टाचणीला चिकटवलेल्या इवल्याशा पिवळ्या कागदी झेंड्या. बागेशेजारी, कचेरीला लागूनच असलेल्या हॉलमध्ये मला मोठ्या टेबलावर ठेवलं. येणाऱ्या प्रत्येकाला तीन झेंड्या मिळायच्या. बागेतली जी जागा तुम्हाला हवी, तिथे टोचा आणि जा. नाव नको, सही नको, भाषण नको. दहा दिवस हे चालायचं होतं.

पहिली टाचणी अंगात शिरली तेव्हा मला ब्रह्मांड आठवलं. पण लोकांची तोंडं बघण्यात दुखणं विसरायला व्हायचं. आल्या आल्या प्रत्येक जण आधी स्वतःचं घर शोधायचा. मी बागेची प्रतिकृती, मी कुंपणाशी संपते. तरी लोक वाकून वाकून बघायचे आणि "आमची बिल्डिंग नाही घेतलीत?" म्हणून रुसायचे. एक गृहस्थ तीन झेंड्या टोचून गेले, टोपी बदलून परत आले आणि आणखी तीन टोचून गेले. एक बाई दुसऱ्यांच्या झेंड्या हळूच उपटून खिशात घालत होत्या. कारकुनांनी हटकलं तर म्हणाल्या, "वाकड्या लागल्या होत्या, सरळ करत होते." एक जोडपं झोपाळ्यावरून भांडायला लागलं, ते भांडण घरच्या पडद्यांवर गेलं, आणि झेंड्या न टोचताच दोघं दोन दारांनी बाहेर पडली.

तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या अंगाची चाळण झाली. हिरवळ, घसरगुंडी, चालायची वाट, सगळीकडे टाचण्या. एक कोपरा तेवढा धड होता. कारंज्यापाशी कुणी टाचणी लावली की ती कचकन वाकायची, नाहीतर घसरून पडायची. खाली प्लायवुड होतं ना!

आणि मला बरं वाटलं. हीच ती कबुली. एवढ्या टोचाटोचीत अंगाचा एक तरी तुकडा सुटला, म्हणून मी मनातल्या मनात हुश्श केलं. ज्यांच्या टाचण्या पडत होत्या, त्या माणसांचा विचार माझ्या मनात आला नाही.

चौथ्या दिवशी टेलरमास्तर आले. म्हातारे, सडपातळ, गळ्यात टेप नसताना टेप असल्यासारखे खांदे पुढे. शिवणकामाचं दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, पण सगळे अजून मास्तरच म्हणायचे. त्यांच्या हाताला धरून त्यांची बायको आली होती. तिला सगळे काकू म्हणत. काकूंना पक्षाघात होऊन गेलेला. उजवा हात अंगाला चिकटलेला, उजवा पाय जमिनीवरून ओढत आणायचा, आणि बोलताना अर्धं तोंड मागे राहायचं.

"अहो, हे बघा. आपलं कारंजं!" काकू म्हणाल्या.

"दिसलं गं. कठडासुद्धा केलाय बघ. गोल आहे अगदी."

काकूंनी डाव्या हाताचं बोट माझ्या तारेच्या कठड्यावर ठेवलं आणि सावकाश सगळीकडून फिरवलं. मग टेबलाशी वही घेऊन बसलेल्या कारकुनांना म्हणाल्या, "साठ पावलं आहेत."

"काय म्हणालात काकू?"

"एका फेरीला साठ पावलं. पहिल्यांदा गेले तेव्हा इथून इथवर जाऊन बसकण मारली होती." बोट अर्ध्या इंचावर थांबलं. "आता दोन फेऱ्या मारते."

मास्तरांनी मग समजावून सांगितलं. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं की रोज चालायचं, नाहीतर पाय चालणं विसरेल. घरात चार पावलांवर भिंत. रस्त्यावर धरायला काही नाही, वर गाड्या. बागेतल्या वाटेवर पळणारे लोक अंगावर येतात. पण कारंज्याचा कठडा गोल होता. त्याला टोक नव्हतं, म्हणजे वळावं लागत नव्हतं, आणि वळतानाच काकूंचा तोल जायचा. डावा हात कठड्यावर ठेवला की दम असेल तोवर चालत राहता यायचं. मास्तर दोन हात मागून, पडलीच तर धरायला.

"पुढच्या महिन्यात तिसरी फेरी," काकू म्हणाल्या. "मग बिनहाताची."

"आधी तिसरी तर होऊ दे."

"तुम्ही ना, कधी चांगलं बोलू नका."

दोघांच्या मिळून सहा झेंड्या. पहिली काकूंनी स्वतः घेतली. डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, कारंज्याच्या बरोबर शेजारी टेकवली आणि दाबली. टाचणी वाकली. दुसरी घेतली, ती निसटून टेबलाखाली गेली. मावशींनी वाकून उचलून दिली.

"दे इकडे," मास्तर काकूंना म्हणाले.

मास्तरांचा सगळा जन्म सुईशी गेलेला. त्यांनी टाचणी दोन बोटांत धरली, टेकवली, आणि लगेच हात थांबवला. त्यांच्या बोटांना कळलं होतं. "खाली काहीतरी टणक आहे," ते म्हणाले.

त्या क्षणी त्यांनी अंगठ्याने एकदा नेट लावून दाबलं असतं तर टाचणी रुतली असती. प्लायवुड काही लोखंड नसतं. पण शिंपीकामाची रीतच वेगळी. सुई अडली की जोर करायचा नाही, सुई मोडते आणि कापड जातं. जरा बाजूने घ्यायची. चाळीस वर्षं हाताला हेच वळण लागलेलं.

कारकून मान न उचलता म्हणाले, "काका, तिथे कुणाचीच लागत नाही. शेजारी हिरवळीवर लावा. सगळे तिथेच लावतायत."

"पण कळेल ना?" काकूंनी विचारलं. "कारंज्याची आहे म्हणून?"

"अहो काकू, मी बसलोय ना इथे."

मास्तरांनी वाकलेली टाचणी सरळ केली आणि सहाच्या सहा झेंड्या शेजारच्या हिरवळीवर लावल्या. एका रांगेत, सारख्या अंतरावर, शिवणीच्या टाक्यांसारख्या. जाताना काकूंनी मान वळवून बघितलं. मी गप्प होते. माझ्यासारखीला बोलता येत नाही हे मला मान्य आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात बोलायचंही आलं नव्हतं, याची लाज वाटते. मी माझी चाळण मोजत होते.

त्या दोघांसारखे बरेच होते. गुडघेदुखीवाले, काठीवाले, कठड्याला टेकून वाचणारी एक शिक्षिका. सगळ्यांनी आधी कारंज्यापाशी टोचून बघितलं, मग हिरवळीवर लावली. कारकुनांना सगळं ठाऊक होतं. पण त्यांच्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून त्यांनी ते डोक्यात ठेवलं. आणि दहाव्या दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते डोकं रजेवर गेलं.

मोजणी दुसऱ्यांनीच केली. माझे वरून फोटो काढले, फोटोवर रेघा मारल्या, चौकोनाचौकोनाने झेंड्या मोजल्या.

निकाल सांगायला बाईंनी हॉलमध्ये सभा बोलावली. पन्नास-साठ माणसं आली होती. मास्तर आणि काकू शेवटच्या रांगेत, दाराजवळ, म्हणजे काकूंना उठताना त्रास नको. बाई एकेक जागा वाचत गेल्या. हिरवळ पहिली. घसरगुंडी दुसरी. मग वाट, मग झोपाळे.

"आणि कारंज्याचा कोपरा," बाईंनी कागद जवळ धरला, पुन्हा बघितलं. "शून्य."

हॉलमध्ये थोडं हसू उठलं. कुणीतरी म्हणालं, "कोरडंच आहे ते!"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी काय केलंय.

"एकही झेंडी नाही, म्हणजे पार्किंगला ही जागा," बाई म्हणाल्या. मग हॉलभर नजर फिरवत त्यांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय? अजून वेळ गेलेली नाही. मोकळेपणाने बोला."

त्यांनी खरंच विचारलं होतं. आणि खरंच थांबल्या होत्या.

काकूंनी मास्तरांच्या दंडाला हात लावला. "उठा ना. सांगा."

मास्तर अर्धे उठले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. मास्तरांची मान खाली गेली आणि ते बसले.

"काय झालं?" काकू कुजबुजल्या.

"काय सांगू? मोजणी बरोबर आहे. मीच हिरवळीवर लावल्या. आता काय त्यांना खोटं पाडू?"

"अहो पण..."

"सगळ्यांसमोर नको गं."

काकूंना बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. शब्द जुळून यायला त्यांना वेळ लागायचा, आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

या हॉलची खिडकी बागेकडे आहे. कठडा कापायला आले तेव्हा मी सगळं ऐकलं. कटरचा आवाज दीड दिवस चालला. नवे डोळे घेऊन कामावर परत आलेले कारकून खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि मावशींना म्हणाले, "मी सांगायला हवं होतं. डोक्यात होतं माझ्या." मावशी म्हणाल्या, "मग आता सांगा." कारकून म्हणाले, "आता ठराव झाला." आणि खुर्चीत जाऊन बसले.

मग माझ्या कारागिराला बोलावणं आलं. खोट्या बागेतही पार्किंग करायचं होतं. तो आला, नेहमीसारखा चष्मा शोधला, आणि कारंजं उचकटून काढलं. तारेचा कठडा सुटून त्याच्या तळहातावर आला. मग वाकून कोपऱ्याकडे बघताना तो थबकला.

पुठ्ठ्यावर ओरखडे होते. टाचण्यांचे. कारंजं होतं त्या वर्तुळाभोवती दाट, एकावर एक, शंभराच्या वर असतील. त्याने नखाने एक ओरखडा खरवडला. खाली त्याचंच प्लायवुड दिसलं. टेबलावर पडलेली एक जुनी झेंडी उचलून त्याने तिथे टोचली. ती वाकली. हिरवळीवर टोचली. ती उभी राहिली.

"अरे देवा," तो म्हणाला.

त्याने खिशातून फोन काढला. बाईंचं नाव शोधलं. अंगठा त्यावर धरून तो बराच वेळ उभा होता. मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. बाई शेजारच्या खोलीतच होत्या, त्यांचा आवाज येत होता. बाहेर खडी ओतून झाली होती. या कचेरीतून त्याला तलावाच्या प्रतिकृतीचं पुढचं काम मिळणार होतं, ते मी मघाशीच ऐकलं होतं.

त्याने फोन खिशात ठेवला. पिशवीतून घासकागद काढला आणि तो कोपरा घासायला लागला. घासताना त्याने एकदाही माझ्याकडे सरळ बघितलं नाही. सगळे ओरखडे गेले. मग राखाडी रंग, पांढरे पट्टे, आणि नखाएवढ्या बारा गाड्या. काम नेहमीसारखं सुबक झालं. तारेचा कठडा त्याने टाकला नाही. रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

मी त्याला काय म्हणणार? ते ओरखडे पुसले गेले तेव्हा मलाही आतून थोडं हलकं वाटलं होतं. लगेच त्या हलकेपणाची किळस आली, पण आधी वाटलं होतं, हे लपवून काय उपयोग.

हल्ली मी हॉलच्या दाराशी असते. वर काच बसवली आहे. हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारी माणसं या हॉलमध्ये येतात. गेल्या आठवड्यात मास्तर आले. काकू चाकांच्या खुर्चीत होत्या. मांडीवर दोन्ही हात, डावाही.

रांग लांब होती. मास्तरांनी खुर्ची माझ्यापाशी आणून उभी केली, बहुतेक नकळत. काकूंनी काचेतून बघितलं. त्यांची नजर हिरवळीवरून सरकत कोपऱ्यात गेली आणि बारा गाड्यांवर थांबली.

"छान केल्यात गाड्या," त्या म्हणाल्या. आता शब्द आणखी सावकाश येत होते.

मास्तर एकदम, रांगेतल्या लोकांकडे पाठ करून, म्हणाले, "एकदा दाबून बघायला हवी होती मी. जरा जोर लावला असता तर गेली असती. आयुष्यभर सुया हाताळल्या, आणि एक टाचणी..."

"मी तुम्हाला काही बोलले का कधी?"

"नाही बोललीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं."

काकूंनी डावा हात उचलून त्यांच्या मनगटावर ठेवला. तेवढ्यात दाखल्याच्या खिडकीतून नंबर पुकारला आणि ते खुर्ची ढकलत निघून गेले.

त्या दिवसापासून मला चैन नाही. बाईंना वाटतं लोकांना कारंजं नको होतं. कारकून मूग गिळून आहेत. कारागीर घासकागद फिरवून मोकळा झाला. आणि या सगळ्यात ज्याचा काडीचा दोष नाही, तो माणूस रोज सकाळी उठून स्वतःला दोष देत चहा करत असेल.

म्हणून मी तुमच्यापाशी बोलले. मला माफी नको. कारंजं परत येणार नाही, हेही मला कळतं. एकच काम करा. तुमच्या वस्तीत एक सडपातळ म्हातारे गृहस्थ चाकांच्या खुर्चीतल्या बायकोला फिरवताना दिसतील. खांदे पुढे झुकलेले, शर्टाची शिवण मात्र एकदम सरळ. त्यांना थांबवा. काकू ऐकत असतील तर उत्तमच. त्यांना सांगा की मास्तर, हात तुमचा बरोबर होता. झेंडी तुम्ही नेमक्या जागी आणली होती. आत घ्यायचं काम माझं होतं, आणि ते मी केलं नाही.